मायक्रोवेव्हमधलं वाळवण: रसायनासाठी भांडं कोणतं घ्यावं

लातुरात एप्रिल-मे महिन्यात वाळवायला ओवन लागत नाही. गच्चीवर कुरड्या टाका, दुपारपर्यंत कडक. पण मृग निघाला, आषाढ लागला की सगळं उलटतं. मिठाची बरणी पाणी सोडते, मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि भिंगांच्या डब्यात ठेवलेले, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे नारिंगी मणी हिरवे पडतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी मागच्या खोलीत माझं छोटं प्रयोगाचं टेबल आहे. वाळवायचं असं काहीबाही दर पावसाळ्यात साठतंच, आणि मायक्रोवेव्ह त्या कामाला चांगला उपयोगी पडतो. अट एकच, भांडं बरोबर हवं.

पहिल्या वर्षी माझंही भांडं चुकलं होतं. प्लास्टिकचा जेवणाचा डबा होता, तळाशी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं, नागमोडी रेघांची खूणही होती. त्यात पाव किलो ओलं सिलिका जेल घातलं, फुल पॉवरवर पाच मिनिटं लावलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर खोलीत मेणबत्ती विझवल्यासारखा वास. डब्याचा तळ मधोमध खाली लोंबलेला, आणि मणी त्यात रुतून बसलेले, डाळिंबाच्या सालीत दाणे बसावेत तसे. एकेक मणी काढला की खाली गुळगुळीत वाटीसारखा खळगा दिसायचा. बायकोने डब्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “हा मायक्रोवेव्ह आता तुमचा. माझ्या किचनमध्ये परत आणायचा नाही.” ते बरंच झालं, का ते पुढे सांगतो.

डब्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं. ते अन्नासाठी लिहिलेलं होतं. गॅसवर आधी भांडं तापतं आणि मग आतला पदार्थ. मायक्रोवेव्हमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी काचेतून, चांगल्या प्लास्टिकमधून आरपार जातात, आतलं पाणी त्यांना शोषून तापतं आणि भांडं पदार्थामुळे गरम होतं. वरण, भात, भाजी यांत पाणी भरपूर असतं, त्यामुळे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं. पाणी उडून जाईपर्यंत वर चढत नाही. वाळवताना मात्र आपल्याला नेमकं तेच पाणी घालवायचं असतं. ते गेलं की शंभराचं बंधन सुटतं, आणि पदार्थ स्वतः लहरी शोषणारा असेल तर तापमान दीडशे, दोनशे कुठेही जाऊ शकतं. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो ते प्लास्टिक, १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. माझ्या डब्याचं तेच झालं.

म्हणून ‘कोणतं भांडं चांगलं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की आत काय घालणार, त्यातून काय बाहेर पडणार आणि शेवटी ते किती तापणार.

आधी पदार्थ बघा

घरी मायक्रोवेव्हमध्ये वाळवण्यासारख्या वस्तू मोजक्या आहेत: सिलिका जेल, मीठ, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), तुरटी, मातीचा नमुना, धुतलेली वाळू. यांच्यातून फक्त वाफ बाहेर पडते.

जे घालायचंच नाही त्याची यादी मोठी आहे, आणि इथे कुठलंही भांडं तुम्हाला वाचवणार नाही. स्पिरिट, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांनी ओला झालेला कुठलाही पदार्थ नाही. ओवनच्या आत रिले आणि स्विच असतात, त्यांच्या ठिणगीने बाष्प पेट घेतं. आम्लं नाहीत. शिसे, पारा, क्रोमियम यांची संयुगं नाहीत. पोटॅशियम परमँगनेट, क्लोरेट, नायट्रेट हे ऑक्सिजन देणारे पदार्थ नाहीत. कोळशाची पूड नाही, कारण कार्बन लहरी इतक्या जोरात शोषतो की मिनिटाभरात लालबुंद होऊ शकतो. शाळेतलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विषारी आहे आणि त्याची कोरडी पूड उडते. त्याचा निळ्याचा पांढरा होण्याचा प्रयोग परीक्षानळीत चिमूटभर घेऊन करावा, ओवनमध्ये नको. लेबल निघून गेलेली बाटली असेल तर तिचा विचारही करू नका.

आमच्याकडे ही यादी खताच्या गोणीपासून सुरू होते. गेल्या ऑगस्टमध्ये गल्लीतले एक काका घमेल्यात युरियाचं ढेकूळ घेऊन आले.

“सर, तुमच्या त्या पेटीत वाळवून द्या की. दगड झालाय नुसता.”

“काका, हे त्यात वितळंल. अमोनियाचा वास सुटंल, डोळे चुरचुरतील.”

“मग ते ड्रिपचं खत? १३-०-४५? ते बी ओलं झालंय.”

ते तर पोटॅशियम नायट्रेट! फटाक्याच्या दारूतला तोच घटक. मी त्यांना ढेकूळ पोत्यावर टाकून लाकडाच्या दांड्याने फोडायला सांगितलं आणि ड्रिपचं खत तसंच पाण्यात विरघळवायला, कारण शेवटी ते पाण्यातूनच द्यायचं असतं. “एवढं शिकून हेच करायलाव होय सर,” म्हणत काका गेले. पण खत म्हणून विकला जाणारा कुठलाही नायट्रेट, विशेषतः अमोनियम नायट्रेट, बंद पेटीत तापवणं म्हणजे स्फोटाशी खेळ आहे. इथे मी थट्टा करत नाही.

आता भांडं

सगळ्यात भरवशाचं म्हणजे बोरोसिलिकेट काच. बोरोसिलच्या बेकिंग डिश भांड्यांच्या दुकानात मिळतात, आणि प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात बीकर. ही काच तापल्यावर फार कमी फुगते. साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून अर्धा भाग तापलेला आणि अर्धा गार असला तरी सहसा तडकत नाही. वाळवायला उंच बीकरपेक्षा पसरट डिश चांगली. थर पातळ राहतो आणि वाफेला वाट मिळते. मी दीड लिटरची चौकोनी डिश वापरतो आणि तिच्यात दोन सेंटिमीटरपेक्षा जाड थर कधी देत नाही.

पण बोरोसिलिकेट म्हणजे अमर काच नव्हे. डिश वापरण्याआधी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. तळाला तारेच्या काथ्याने घासलेल्या रेघा, काठाला टवका, कोपऱ्यात केसाएवढी चीर यांपैकी काही दिसलं तर ती डिश कुंडीखाली ठेवायला घ्या. मेजरिंग सिलिंडर, जाड तळाच्या बाटल्या, डेसिकेटरचं, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या काचपात्राचं, झाकण हे प्रयोगशाळेचं असलं तरी तापवण्यासाठी केलेलं नसतं. आणि आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त काच कुठे फुटते? कडप्प्याच्या ओट्यावर. ओवनमधून काढलेली डिश पावसाळ्यातल्या ओलसर, गार कडप्प्यावर टेकवली की टण्ण! लाकडी पाट ठेवा, नाहीतर सुती फडक्याची चार पदरी घडी.

जॅम, लोणचं, सॉस यांच्या रिकाम्या बाटल्या साध्या सोडा-लाइम काचेच्या असतात. त्यांत तयार वाळलेला माल भरून ठेवावा, वाळवू नये. चहाचे काचेचे ग्लासही तसेच.

चिनीमातीचा पांढरा, नक्षी नसलेला मग किंवा बशी चालते, पण तपासून. सोनेरी किंवा चंदेरी कड असेल तर नाही, कारण ती कड म्हणजे धातूचा पातळ थर, आणि तिच्यावर ठिणग्या उडतात. गुळगुळीत थराला बारीक भेगा पडल्या असतील तर त्यांतून ओल आणि रसायन आत मुरतं, भांडं स्वतःच तापतं आणि मागच्या वेळचं रसायन पुढच्या नमुन्यात उतरतं. लोणच्याच्या जुन्या बरण्या मला फार आवडतात, पण त्यांच्या झिलईत काय आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून त्या नाहीत. मातीची वाटी, पणती तर नकोच. पाणी पिते, तापते, फुटते.

स्टील, अ‍ॅल्युमिनियम, जर्मनची पातेली, एनॅमलचे ट्रे, फॉइल यांबद्दल सांगायला नको. एनॅमलने मात्र बरेच जण फसतात. वरून चिनीमातीसारखं दिसतं, आत लोखंडी पत्रा असतो.

मेलामाइनच्या प्लेट लग्नाकार्यात सगळीकडे दिसतात. न फुटणाऱ्या, चकचकीत. हे प्लास्टिक स्वतः लहरी शोषून तापतं, तेव्हा अन्नालाही नको आणि रसायनालाही नको. पाण्याच्या बाटलीचं पीईटी (आकडा १) गरम होताच आकसतं, पॉलिस्टायरीन (आकडा ६) शंभराच्या आसपास मऊ पडतं. पॉलिप्रॉपिलीनचं म्हटलं तर, मी ते फक्त मातीच्या ओल्या नमुन्याच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांसाठी चालवून घेईन, आणि तेही घरात काच नसेल तर. सिलिकॉनचे केकचे साचे दोनशे अंशांपर्यंतचं तापमान सोसतात, पण लिबलिबीत असतात. गरम मणी भरलेला साचा उचलताना सांडणारच.

झाकण? हवाबंद कधीच नाही. वाफेला वाट मिळाली नाही तर झाकण उडतं किंवा भांडं फुटतं. मणी तडतडत असतील तर वर बोरोसिलिकेटचीच दुसरी बशी तिरकी टेकवा, बोटभर फट ठेवून. वर्तमानपत्र झाकू नका, कोरड्या उष्णतेत कागद करपतो.

भांड्याची परीक्षा

खूण असो वा नसो, नवं भांडं मी एकदा तपासून घेतो. मायक्रोवेव्हमध्ये रिकामं भांडं ठेवायचं, शेजारी, शक्य नसेल तर त्याच्यातच, चिनीमातीचा कप पाऊण पाण्याने भरून ठेवायचा. फुल पॉवरवर एक मिनिट. मग भांड्याचा पाण्यापासून दूरचा भाग हाताने चाचपायचा. पाणी गरम आणि भांडं गार म्हणजे पास. भांडं कोमट असेल तर ते थोड्या कामापुरतं. भांडं गरम आणि पाणी कोमट असेल तर नापास, फेरपरीक्षा नाही. पाण्याशिवाय रिकामं भांडं फिरवू नका. लहरी शोषायला आत काहीच नसलं तर त्या परत मॅग्नेट्रॉनकडे, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाकडे, फिरतात आणि ओवनच खराब होतो.

भांडं पास झाल्यावर त्याचं रिकामं वजन करून तळाला पर्मनंट मार्करने लिहून ठेवा. माझ्या डिशवर ‘६८२’ लिहिलंय. पुढे प्रत्येक वेळी हा आकडा लागतो, कारण वाळलं की नाही हे डोळ्यांपेक्षा काटा नेमकं सांगतो. किचनचा एक ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. थोड्या मालासाठी सोनाराकडे असतो तसा शंभरांश ग्रॅमचा काटा घ्या.

सिलिका जेल, पायरीपायरीने

निळे मणी असतील तर थांबा. त्यांच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, आरोग्याला घातक. नवीन घेताना नारिंगीच घ्यावेत.

डिशमध्ये २०० ते ३०० ग्रॅम मणी पसरा आणि वजन घ्या. ओवन मध्यम पॉवरवर, म्हणजे साधारण ४० ते ५० टक्क्यांवर, ठेवा. बहुतेक घरगुती ओवनमध्ये पन्नास टक्के म्हणजे लहरी अर्ध्या जोराच्या होत नाहीत. त्या थोडा वेळ पूर्ण जोराने चालू, थोडा वेळ बंद, अशा फेऱ्या घेतात. त्या बंद वेळात उष्णता मण्यांच्या आत सारखी पसरते, आपल्याला तेच हवं असतं. दोन मिनिटं लावा. दार उघडा, वाफ जाऊ द्या. दाराच्या काचेला आतून घाम आलेला दिसेल, तो पुसून घ्या, नाहीतर तेच पाणी मणी परत पितात. लाकडी उलथण्याने हलवा. पुन्हा दोन मिनिटं. अगदी चिंब मणी असतील तर पहिल्या फेऱ्या आणखी कमी पॉवरवर घ्या. आतल्या वाफेने मणी तडकून पूड होते.

पाच-सहा फेऱ्यांत हिरवा रंग जाऊन नारिंगी परत येतो. रंग तपकिरी, काळपट व्हायला लागला तर समजा तापमान जास्त झालं. रंगद्रव्य साधारण १२० अंशांपुढे जळू लागतं. लागोपाठ दोन फेऱ्यांत वजनात एक ग्रॅमचाही फरक पडला नाही की काम झालं. माझ्या एका फेरीचा हिशोब असा: ओलं २८५ ग्रॅम, वाळल्यावर २२९. म्हणजे ५६ ग्रॅम पाणी. मापाच्या पाव कपालाही थोडं कमी, पण तेवढं पाणी माझ्या भिंगांच्या डब्यातल्या हवेतून आणि वारंवार झाकण उघडण्यातून आलेलं होतं.

शेवटच्या फेऱ्यांत पाणी संपत आलेलं असतं, म्हणून ओवनच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवतो. उरलेल्या लहरी ते घेतं. त्या कपात आइस्क्रीमची लाकडी काडी उभी ठेवा. गुळगुळीत कपातलं पाणी कधी कधी न उकळताच शंभराच्या वर जातं आणि हात लागताच उसळतं. काडी असली की बुडबुडे वेळेवर सुटतात.

गरम मणी लगेच बाटलीत कोंबून झाकण आवळू नका. गार होताना आतली हवा आकसते आणि झाकण असं बसतं की उघडता उघडत नाही. कोमट होईपर्यंत झाकण सैल ठेवा, मग घट्ट करा. पण पावसाळी हवेत तासभर उघडेही ठेवू नका, सगळी मेहनत परत हिरवी होईल.

तुरटी आणि एप्सम सॉल्ट: हे चिकटतात

या दोघांच्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं. तुरटीच्या वजनातलं सुमारे ४५ टक्के, एप्सम सॉल्टमधलं ५१ टक्के. तापवलं की हे पाणी सुटतं आणि स्फटिक त्याच पाण्यात विरघळतात. म्हणजे कोरडे खडे घातले आणि दोन मिनिटांनी बघितलं तर डिशमध्ये पाक. आजी तव्यावर तुरटीची लाही करायची, ती आठवा. आधी वितळते, मग बुडबुडे, मग पांढरा फेस फुगत वर येतो. डिशमध्येही तेच होतं, आणि म्हणून भांडं एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही. इथे पसरट डिश असावी, पण काठ निदान पाच-सहा सेंटिमीटर उंच, नाहीतर फेस फिरत्या काचेवर उतरतो आणि खालचं चाक जाम होतं.

कमी पॉवर, एक-एक मिनिट, आणि प्रत्येक वेळी काचकांडीने ढवळणं. ढवळलं नाही तर तळाला सिमेंटसारखी खपली बसते. ती सुरीने खरवडू नका, त्या ओरखड्यातून पुढे काच तडकते. डिश पूर्ण गार झाल्यावर कोमट पाणी घालून रात्रभर ठेवा, आपोआप सुटते. १०० ग्रॅम एप्सम सॉल्ट मायक्रोवेव्हमध्ये ५६ ग्रॅमच्या आसपास आलं की तिथे थांबा. पाण्याचा शेवटचा रेणू चिवट असतो, त्याला अडीचशे अंशांच्या घरातली उष्णता लागते. ते काम घरच्या मायक्रोवेव्हचं नाही.

खायचा सोडा मात्र ‘वाळवायला’ जाऊ नका. ८० अंशांपासूनच तो कार्बन डायऑक्साइड सोडत धुण्याच्या सोड्यात बदलू लागतो. वजन कमी होतं आणि माणसाला वाटतं ओल गेली!

काळी माती

हे आमच्या भागाचं खास काम. ओल मोजायची प्रयोगशाळेची पद्धत म्हणजे १०५ अंशांवर चोवीस तास. परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा माती परीक्षण केंद्रात नमुना द्यायचा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये वाळवलेला देऊ नका, तिथे सावलीत वाळवलेला लागतो. पण पाणी आज द्यायचं की चार दिवसांनी, एवढा अंदाज घरी वीस मिनिटांत येतो.

१०० ग्रॅम माती डिशमध्ये पसरून ढेकळं बोटांनी फोडा. मुरमाचे, खडकाचे तुकडे निवडून टाका. आपला काळा बसाल्ट लोहयुक्त असतो, असा खडा एकटाच भलताच तापतो, आत ओल असेल तर फुटतो, आणि त्याच्याखाली काच तडकू शकते. काड्या, मुळंही काढा, ती जळतात. मध्यम पॉवरवर तीन मिनिटं, ढवळणं, वजन, पुन्हा तीन मिनिटं. पहिल्या पावसाचा वास येतो तोवर ठीक, करपट वास आला की थांबा. माझ्या मित्राच्या औसा रस्त्यावरच्या शेतातल्या मातीचं १०० ग्रॅमचं ७८ झालं. गेलेले २२ भागिले कोरडे ७८, गुणिले शंभर, म्हणजे २८ टक्के ओल. पाणी कोरड्या मातीच्या प्रमाणात मोजतात, ओल्या मातीच्या नाही.

ओवन आणि भांडी वेगळी

बायकोने ओवन किचनबाहेर काढला तो या कारणासाठी बरा झाला. ज्यात रसायन वाळलं त्यात परत दूध तापवायचं नाही, धुऊनसुद्धा नाही. नवा ओवन घेतला की जुना या कामाला ठेवा. जुन्या बाजारातून घेत असाल तर दाराचा काठ, बिजागरी आणि जाळीची काच नीट बघा. दार वाकडं बसत असेल तर फुकट मिळाला तरी नको. सोळा अँपिअरच्या पिनला खरं अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, गावाकडच्या बऱ्याच घरांत तिसरी तार नुसती शोभेची असते. खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांवर चष्मा, हातात जाड सुती मोजे. ओवन चालू असताना लाइट गेली तर बटण बंद करून ठेवा. लाइट आली की आपोआप सुरू होणाऱ्यातला ओवन असेल तर तुम्ही दुसऱ्या खोलीत आणि मणी आत.

माझ्या दोन डिश, एक बीकर आणि लाकडी उलथणं ओवनच्याच आत राहतात. डिशच्या काठाला लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा असतो, वाळवताना तो काढून दारावर चिकटवतो. दिवाळीच्या आवराआवरीत एकदा पाहुण्यांनी त्यातली एक डिश चिवड्याला घेतली होती, तेव्हापासून तळाच्या ६८२च्या शेजारी कवटीही काढली आहे.